व्यापाऱ्याला दार, मजुराला भिंत

परदेशात जाऊन स्वतःचा व्यवसाय थाटण्याची आकांक्षा आता केवळ बड्या उद्योगघराण्यांपुरती मर्यादित राहिलेली नाही. सांगलीच्या हळद-बेदाण्याचा व्यापारी, सोलापूरच्या चादरी-टॉवेलांचा कारखानदार, देवगड-रत्नागिरीचा आंबा बागायतदार यांचा माल आज दूरदूरच्या बाजारपेठांत जातो. मालापाठोपाठ आपणही तेथे जावे, एखादी वखार घ्यावी, गिऱ्हाइकांशी थेट संबंध जोडावा आणि मधल्या दलालाचा नफा वाचवावा, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु असा व्यापारी अमेरिकेच्या वकिलातीत व्यापाऱ्याच्या व्हिसाची चौकशी करू लागला, म्हणजे त्याला पहिला प्रश्न भांडवलाचा, अनुभवाचा अथवा मालाच्या प्रतीचा विचारला जात नाही. तो कोणत्या देशाचा नागरिक आहे, एवढेच पाहिले जाते. आणि भारताचा नागरिक असेल तर चौकशी तेथेच संपते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी द्विपक्षीय व्यापारकराराची बोलणी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून या व्हिसाचा विषय व्यापारी वर्तुळांत अधिक आग्रहाने निघू लागला आहे. भारतीय व्यापाऱ्यांनाही ही सवलत मिळवून द्यावी, अशी मागणी होते. वरकरणी ती रास्त दिसते. तथापि ही सवलत कशातून जन्मली, ती कोणाला मिळते, कोणाला नाकारली जाते आणि तिच्या मोबदल्यात काय द्यावे लागते, याचा विचार केल्याशिवाय तिला पाठिंबा देणे अथवा विरोध करणे, दोन्ही उथळपणाचे ठरेल.

करारातला व्यापारी

अमेरिकेच्या कायद्यात या व्हिसाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ई-१ हा व्यापाऱ्याचा, तर ई-२ हा गुंतवणूकदाराचा. ज्या देशाशी अमेरिकेचा वाणिज्य व नौकानयनाचा करार किंवा त्यासारखी व्यवस्था आहे, त्याच देशाच्या नागरिकांना ते मिळतात. ई-१साठी अर्जदाराच्या पेढीची किमान निम्मी मालकी त्या देशाच्या नागरिकांकडे असावी लागते. व्यापार आधीपासून चालू असावा लागतो; नुसती योजना चालत नाही. तो पुरेसा मोठा व सातत्याचा असावा आणि पेढीच्या एकूण परदेशी व्यापारापैकी निम्म्याहून अधिक व्यापार अमेरिका व करारातला देश यांच्यामधला असावा, अशा अटी आहेत. किमान रकमेचा आकडा कायद्यात नाही. व्हिसाधारकाला एका वेळी दोन वर्षे राहता येते आणि व्यापार चालू असेतो ही मुदत कितीही वेळा वाढवून मिळते. मात्र दर्जा संपताच परत जाण्याचा इरादा जाहीर करावा लागतो.

या यादीतील देशांची नावे उद्बोधक आहेत. पाकिस्तानच्या नागरिकांना १९६१पासून दोन्ही प्रकारचे व्हिसा मिळतात. बांगलादेशाला १९८९पासून आणि श्रीलंकेला १९९३पासून गुंतवणूकदाराचा व्हिसा उपलब्ध आहे. तैवानला १९४८ साली अंमलात आलेल्या जुन्या चिनी कराराचा लाभ अद्याप मिळतो. चीनच्या मुख्य भूमीला तो नाही. भारत यांपैकी कोणत्याच यादीत नाही. देशाचा व्यापार किती मोठा आहे याच्याशी या यादीचा संबंध नाही. कोणत्या काळी कोणत्या सरकारने कोणत्या अटी मान्य केल्या, याचीच ती नोंद आहे.

करार जसा होतो तसा मोडतोही. इराणशी १९५५ साली झालेला मैत्रीचा करार रद्द करण्याचा निर्णय अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केला, आणि जानेवारी २०२० मध्ये केवळ त्याच कराराच्या आधारावर मिळणारे इराणी नागरिकांचे हे व्हिसा बंद झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे दुकाने चालवली, त्यांची मुदतवाढ दोन सरकारांच्या भांडणात संपली. व्यापारी स्वतःला स्वतंत्र, स्वयंभू उद्योजक मानतो. परंतु परदेशातील त्याचे पाऊल राज्यसंस्थेच्या सहीवर उभे असते, हे सत्य अशा प्रसंगी उघडे पडते. बाजारपेठ सरकारांपासून मुक्त असते, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्राला हे व्हिसाचे प्रकरण एक चोख उत्तर आहे.

हात मळलेले नसावेत

या व्यवस्थेचे मूळ शोधू गेल्यास ते वांशिक बहिष्काराच्या इतिहासात सापडते. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेश बंद केला. त्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १८८० साली, चीनशी झालेल्या करारात व्यापारी, विद्यार्थी व शिक्षक यांना मात्र मोकळीक होती. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, व्यापारी कोणाला म्हणावे? १८९३च्या दुरुस्तीने त्याचे उत्तर दिले. ज्याचे ठरावीक जागी स्वतःच्या नावाने खरेदी-विक्रीचे दुकान आहे आणि ज्याने गेल्या वर्षभरात धंद्याला आवश्यक तेवढे सोडून कसलेही अंगमेहनतीचे काम केलेले नाही, तो व्यापारी. आणि हे सिद्ध करण्यासाठी चिनी नसलेले दोन विश्वासार्ह साक्षीदार हवेत.

ही व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. माणसाने श्रम केलेले नाहीत, हीच त्याची पात्रता. कपडे धुणारा, रूळ टाकणारा, शेतात राबणारा चिनी माणूस नको. गल्ल्यावर बसणारा चालेल. ज्या चिनी मजुरांच्या घामावर अमेरिकेचा पूर्व-पश्चिम जोडणारा रेल्वेमार्ग १८६९ साली पुरा झाला, त्यांच्याच देशबांधवांना तेरा वर्षांनी दार बंद झाले. १९१५ साली एका न्यायालयाने उपाहारगृहाच्या मालकालाही व्यापारी मानले, आणि त्यानंतर अमेरिकेच्या शहरांतून चिनी खाणावळींची संख्या झपाट्याने वाढली. कायद्याने माणसाची जी व्याख्या केली, तिच्यात बसण्यासाठी एका संपूर्ण समाजाने आपला व्यवसायच बदलला.

भारतीयांच्या वाट्याला याहून वेगळे काही आले नाही. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग निषिद्ध प्रदेश ठरवला आणि त्यात भारत होता. त्या कायद्यातही व्यापाऱ्यांना सूट होती. पंजाबातून कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबायला गेलेल्या शेतकऱ्यांना ती नव्हती. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वास अपात्र ठरवला. पुढल्याच वर्षी, १९२४च्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना कायम वास्तव्यासाठी येण्यासही बंदी केली. मात्र त्याच कायद्यात वाणिज्य करारान्वये केवळ व्यापारासाठी येणाऱ्या माणसाचा अपवाद करण्यात आला. आजचा ई-१ व्हिसा हा त्या अपवादाचाच वारस आहे. जपानशी १९११चा करार होता, म्हणून जपानी व्यापारी चालत राहिला. जपानी शेतमजुराला मज्जाव झाला. गुंतवणूकदाराचा वर्ग १९५२च्या कायद्याने त्यात जोडला गेला.

वंशाधिष्ठित बंदी पुढे उठली. चिनी बहिष्काराचा कायदा १९४३ साली रद्द झाला आणि १९४६ साली भारताला वर्षाकाठी शंभर माणसांचा वाटा मिळाला. परंतु वर्गाधिष्ठित निवड मात्र टिकून राहिली. आजच्या नियमांतही करारातल्या पेढीला आपल्या देशाचे अधिकारी, व्यवस्थापक आणि विशेष कौशल्याचे तंत्रज्ञ नेता येतात. सर्वसाधारण कुशल वा अकुशल कामगार नेता येत नाहीत. गुंतवणूकदाराच्या व्हिसाला आणखी एक अट आहे. धंदा केवळ मालकाच्या कुटुंबाचे पोट भरण्यापुरता असता कामा नये. त्याहून अधिक उत्पन्नाची क्षमता त्यात असली पाहिजे. म्हणजे पती-पत्नी मिळून चालवतील आणि त्यात भागेल, एवढेच छोटे दुकान काढू पाहणारा माणूस ई-२च्या दारातूनच परत फिरतो. श्रीमंती हा गुण आणि पोटापुरते मिळवणे हा दोष, असे जे तत्त्व १८९३ साली होते, ते भाषा बदलून आजही उभे आहे.

नाताळचा धडा

व्यापाऱ्याचे हक्क आणि मजुराचे हक्क यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे भारतीयांनी दक्षिण आफ्रिकेत अनुभवलेले आहे. नाताळात दोन प्रकारचे भारतीय होते. एक, उसाच्या मळ्यांवर आणि खाणींवर करारबद्ध होऊन गेलेले गिरमिटिये; दुसरे, स्वखर्चाने तिकीट काढून गेलेले व्यापारी. १८९३ साली गांधीजी गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी, म्हणजे एका व्यापाऱ्याच्या कामासाठी. १८९४ साली स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसची वार्षिक वर्गणीच तीन पौंडांच्या घरात होती. गिरमिटियाला ती परवडणे शक्य नव्हते.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८९७ साली दोन कायदे केले. एकाने युरोपीय भाषा न येणाऱ्याला प्रवेश बंद केला. दुसऱ्याने व्यापाराचे परवाने देण्याचा सर्वाधिकार स्थानिक अधिकाऱ्याला दिला आणि हिशेबाच्या वह्या इंग्रजीत ठेवण्याची सक्ती केली. या कायद्यांत भारतीयांचे नाव कोठेही नव्हते, तरी रोख कोणावर आहे हे सर्वांना ठाऊक होते. व्यापाऱ्यांनी अर्ज-विनंत्या पुष्कळ केल्या. मुदत संपल्यावर तेथेच राहणाऱ्या गिरमिटियावर मात्र वर्षाला तीन पौंडांचा कर बसत होता, आणि तो त्याला पुन्हा मळ्यात लोटत होता.

या कोंडीतून वाट निघाली ती मजुरांमुळे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी गिरमिटिये भरती करण्याविरुद्ध ठराव मांडला आणि १९११पासून ती भरती थांबली. १९१२ साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. १९१३ साली न्यूकॅसलच्या कोळसाखाणीतील भारतीय मजुरांनी काम बंद केले, लोण उसाच्या मळ्यांपर्यंत पोहोचले आणि १९१४च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला. व्यापाराच्या परवान्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही, हेही नोंदवले पाहिजे. परंतु व्यापाऱ्यांच्या वीस वर्षांच्या अर्जांनी जे सरकार हलले नव्हते, ते मजुरांच्या काही आठवड्यांच्या संपाने हलले. परदेशातील भारतीयांची प्रतिष्ठा शेवटी त्यांतल्या सर्वांत दुर्बळाच्या हक्कांवर अवलंबून असते, हा त्यातला धडा होय.

सवलतीची किंमत

आता मोबदल्याकडे वळू या. वाणिज्य करार म्हणजे केवळ व्हिसाचा करार नव्हे. त्यात परस्परांच्या नागरिकांना व भांडवलाला आपल्या नागरिकांच्या बरोबरीने वागवण्याचे अभिवचन असते. कागदावर ही समानता परस्परांची असते. प्रत्यक्षात एका बाजूला अब्जावधी डॉलरांचे भांडवल आणि दुसऱ्या बाजूला हळदीची पोती असली, तर त्या समानतेचा लाभ कोणास होईल हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

फिलिपिन्सचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९४६ साली त्या देशाला स्वातंत्र्य मिळाले, तेच बेल कायद्याच्या अटींसह. देशातील खनिजे, जंगले आणि सार्वजनिक सेवा यांत अमेरिकन नागरिकांना फिलिपिनो नागरिकांइतकेच हक्क द्यावेत, यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. १९५५च्या लॉरेल-लँग्ली कराराने हा समान हक्क चालू ठेवला, आणि तो १९७४ साली संपला. करारातल्या व्यापाऱ्याचा व्हिसा फिलिपिन्सला मिळतो तोही १९५५पासूनच. त्या हक्कांमुळे मनिलाच्या कष्टकऱ्याला किती आणि अमेरिकन कंपन्यांना किती मिळाले, याचा हिशेब तेथील राष्ट्रवाद्यांनी वारंवार मांडला आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला आज्ञापत्रात सापडेल. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात सावकार-व्यापाऱ्यांना राज्यात मानाने आश्रय द्यावा, असा आग्रह आहे. परंतु युरोपातून येणारे टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकिनारी बळकट जागा देऊ नये, असा स्पष्ट इशाराही त्याच ग्रंथात आहे. व्यापारी आणि व्यापाऱ्यामागची सत्ता यांतला भेद त्या काळच्या मुत्सद्द्यांना उमगला होता. दिल्लीच्या दरबाराला तो उमगला नाही. १७१७ साली फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये वर्षाला तीन हजार रुपयांवर जकातमाफी मिळाली, आणि कंपनीच्या नोकरांनी ते दस्तक आपल्या खाजगी व्यापारासाठी वापरून देशी व्यापाऱ्याला बाजारातून हुसकले. पुढे काय घडले, ते सर्वविदित आहे. कालमान बदलले आहे हे खरे. पण व्यापाराची सवलत ही नेहमीच केवळ व्यापाराची नसते, हे तत्त्व बदललेले नाही.

पैसेवाल्यांच्या पळवाटा

भारताशी करार नाही म्हणून भारतातील धनिकांचे फारसे अडत नाही, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. ज्याची भारतात मोठी कंपनी आहे, तो १९७० साली निर्माण झालेल्या एल-१ व्हिसावर आपले अधिकारी अमेरिकेतील शाखेत पाठवू शकतो. ज्याच्याजवळ थेट रोकड आहे, त्याच्यासाठी १९९०च्या कायद्याने गुंतवणुकीवर कायम वास्तव्याची सोय केली आहे. २०२२च्या दुरुस्तीने तिची किमान रक्कम ठरावीक मागास भागांसाठी आठ लाख डॉलर आणि अन्यत्र साडेदहा लाख डॉलर झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दहा लाख डॉलरांच्या देणगीवर ‘गोल्ड कार्ड’ देण्याचा आदेश काढला. त्याच दिवशी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा भार घालणारी घोषणाही झाली. पगारावर काम करणाऱ्याचा मार्ग अरुंद करायचा आणि थैली घेऊन येणाऱ्याचा रुंद करायचा, या धोरणाचे इतके उघड दर्शन क्वचितच घडले असेल.

तिसरी वाट आणखी चमत्कारिक आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या चिमुकल्या बेटाचा अमेरिकेशी गुंतवणुकीचा करार आहे आणि ते बेट २०१३पासून आपले नागरिकत्व पैशाने देते. २०२४ साली त्यासाठीची किमान देणगी दोन लाख पस्तीस हजार डॉलर करण्यात आली. ते विकत घ्यायचे आणि ग्रेनाडाचा नागरिक म्हणून अमेरिकेचा ई-२ व्हिसा मागायचा, असा मार्ग दलालांनी काढला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून, पैशाने नागरिकत्व मिळवलेल्याने त्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्य केले पाहिजे, अशी अट घातल्यावर ही वाट बरीच अवघड झाली. पण अशक्य झालेली नाही. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून परक्या बेटाचे पारपत्र हाती पडले की भारताचे नागरिकत्व संपते. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्यांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्यांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु देशातील साधनसंपत्तीवर आणि स्वस्त मजुरीवर गबर व्हायचे आणि मग नागरिकत्वाकडे सौद्याची वस्तू म्हणून पाहायचे, ही वृत्ती वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली २००४ साली माणशी पंचवीस हजार डॉलर बाहेर नेता येत. २०१५पासून वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात. चार जणांचे कुटुंब वर्षाला दहा लाख डॉलर कायदेशीररीत्या बाहेर नेऊ शकते. ज्या देशात शेतकऱ्याला पीककर्जासाठी बँकेत खेटे घालावे लागतात, तेथे ही मोकळीक कोणासाठी आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्या अंगणात

येथवर दोष अमेरिकेचा, असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. परंतु भारत सरकारचे धोरण याहून निराळे नाही. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा हवा असेल तर वार्षिक वेतन सव्वासोळा लाख रुपयांहून अधिक असले पाहिजे, असा नियम दीर्घकाळ राहिला आहे. स्वयंपाकी, भाषाशिक्षक असे थोडे अपवाद सोडले तर कमी पगाराच्या परक्याला येथे जागा नाही. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या योजनेत दीड वर्षात दहा कोटी अथवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतवणाऱ्या परदेशी नागरिकाला दीर्घ वास्तव्याचा हक्क देऊ केला आहे. अट एवढीच की, वर्षाला निदान वीस भारतीयांना रोजगार मिळावा. आपल्या नागरिकांसाठी जो न्याय आपण वॉशिंग्टनकडे मागतो, तो दिल्लीतही दिसत नाही.

आपल्याच नागरिकांशी केला जाणारा व्यवहार तर अधिक बोलका आहे. रत्नागिरी-रायगडातून आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या तरुणाच्या पारपत्रावर १९८३च्या उत्प्रवास कायद्यान्वये शिक्का पडतो आणि ठरावीक देशांत जाण्यासाठी त्याला स्वतःच्याच सरकारची परवानगी घ्यावी लागते. हेतू संरक्षणाचा आहे, हे मान्य. परंतु दलालाला दिलेले कर्ज आणि तेथे जप्त झालेले पारपत्र यांपासून त्याला संरक्षण मिळतेच असे नाही. त्याच आखातात दुबईला वीस लाख दिरहमांची मालमत्ता घेणाऱ्याला दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळतो. एकाच विमानातून दोघे जातात. एकाला मालकाच्या मर्जीबाहेर नोकरी बदलणे कठीण, दुसऱ्याला शहराचे आदरातिथ्य.

जागतिक व्यापाराच्या नियमांनी या विषमतेला तात्त्विक रूप दिले आहे. १९९५ साली अंमलात आलेल्या सेवाव्यापाराच्या करारात परदेशात कंपनी उघडणे हा एक प्रकार आणि माणसांनी तात्पुरते जाणे हा दुसरा प्रकार, अशी विभागणी आहे. परंतु परदेशाच्या रोजगारबाजारात प्रवेश मागणाऱ्या माणसाला हा करार लागूच नाही, असे त्याच्या परिशिष्टात नमूद आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातही कंपन्यांचे अधिकारी, व्यावसायिक भेटीस जाणारे, काही स्वयंपाकी, संगीतकार व योगशिक्षक यांच्या तात्पुरत्या जाण्याची सोय आहे. सामान्य कामगाराचा विषय नाही.

मागणी कोणती असावी?

मग व्यापाऱ्याच्या व्हिसाला विरोध करावा काय? तसे म्हणणे उचित होणार नाही. छोटा निर्यातदार हा बड्या भांडवलदाराचा भाऊबंद नव्हे. २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेत पुन्हा जाऊ लागला. पण तेथे तो विकण्याची साखळी बागायतदाराच्या हाती आली नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरी जून २०२५ मध्ये एका बड्या इटालियन फॅशनगृहाने तिच्याच घडणीच्या चपला प्रदर्शनात मिरवल्या, तेव्हा मूळ कारागिरांचे नावही घेतले गेले नव्हते. ते घेणे भाग पडले, ते येथून ओरड झाल्यावर. वस्तू जाते, घाट जातो, नफा जातो. करणारा तेवढा मागे राहतो. करणाऱ्याने बाजारपेठेपर्यंत पोहोचावे, ही आकांक्षा समाजवादी विचाराला परकी असूच शकत नाही.

म्हणून प्रश्न हवे की नको असा नसून, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर, असा आहे. या बाबतीत काही मागण्या स्पष्टपणे मांडता येतील. पहिली, व्हिसाच्या सवलतीच्या मोबदल्यात शेतजमीन, किरकोळ व्यापार, विमा यांसारख्या क्षेत्रांत परक्या भांडवलाला स्वकीयांच्या बरोबरीचा हक्क देण्याचे अभिवचन देऊ नये. दुसरी, अशी तरतूद झालीच तर व्यापारी या संज्ञेत सहकारी संस्था, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आणि कारागिरांचे संघ यांचे प्रतिनिधी नावानिशी समाविष्ट असावेत. नाहीतर हा लाभ निर्यातीतल्या मूठभर पेढ्यांच्या पुत्रपौत्रांना तेवढा मिळेल.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. व्यापाऱ्याच्या प्रवेशाची बोलणी कामगाराच्या हक्कांपासून वेगळी काढली जाऊ नयेत. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या पगारातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते. निवृत्तिवेतनाला पात्र होण्यासाठी साधारणतः दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि त्याआधी परतणाऱ्याचे पैसे तेथेच राहतात. अनेक देशांनी अमेरिकेशी करार करून ही अडचण दूर केली आहे. भारताचा असा करार नाही. आखाती देशांशी बोलताना नोकरी बदलण्याचा हक्क, पारपत्र स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आणि भरतीचा खर्च मालकाने सोसण्याची सक्ती, हे विषय व्यापाराच्या टेबलावर आले पाहिजेत. चौथी, भारताने स्वतःच्या प्रवेशनियमांतही उत्पन्नाच्या उंबरठ्याऐवजी कामाची गरज व कामगारांचे हक्क हा निकष आणावा.

आणि पाचवी मागणी लोकशाहीची आहे. भारतात आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची पूर्वसंमती लागत नाही. सरकार सही करते आणि नंतर देशाला कळवते. दोन-तीन पिढ्यांना बांधून ठेवणारे करार अशा रीतीने व्हावेत, हे मुळातच अनुचित आहे. वाणिज्य कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेपुढे व राज्यांपुढे यावा, शेतकरी, कामगार व छोटे उत्पादक यांच्या संघटनांना त्यावर बोलण्याची संधी मिळावी, हा आग्रह कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात, बाजारसमितीत, हातमागाच्या पेठेत आणि परदेशी जाणाऱ्या तरुणांच्या गावांत धरला पाहिजे. हा विषय वकिलातीच्या रांगेतल्या चार व्यापाऱ्यांचा आहे, अशी समजूत करून घेतली तर त्या टेबलावर केवळ तेच चार व्यापारी बसतील, आणि गिरमिटियाचा नातू पुन्हा एकदा बाहेर उभा राहील.